जोडमंडळ्यांचं नातं बरोबरीचं कसं राहतं? भाषा, पैसा, वेळ आणि 'हो' चा अर्थ

कंदील

प्रभूत नमस्कार.

जोडमंडळी म्हणा, भगिनी-मंडळी म्हणा किंवा सहचर धर्मप्रांत म्हणा, प्रकार एकच. एकाच पंथाच्या पण दोन देशांतल्या, दोन भाषांच्या मंडळ्या, म्हणजे चर्च, एकमेकींशी नातं जोडतात. ठराव टाळ्यांच्या गजरात पास होतो. तिसऱ्या वर्षापर्यंत बहुधा एक बाजू देणारी आणि दुसरी आभार मानणारी होऊन बसते. हे का होतं आणि कुठे अडवता येतं, एवढाच या धाग्याचा विषय. 'प्रेम असलं की सगळं जमतं' हे सगळ्यांना मान्य आहे असं धरून त्याच्या पुढचं लिहा.

माझ्या मते या विषयावरचं सगळ्यात जुनं कामकाज प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ मध्ये आहे. रोजच्या वाटपात हेल्लेणी (ग्रीक बोलणाऱ्या) विधवांची उपेक्षा होते अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी त्यावर एकोप्याचं प्रवचन दिलं नाही. वाटपासाठी सात माणसं नेमायला सांगितली, आणि निवडलेल्या सातांचीही नावं ग्रीक आहेत. तक्रार ज्यांची होती त्यांच्याच बाजूला कोठाराची किल्ली गेली, असं त्यातून दिसतं. तक्रारदारांना समितीत 'एक जागा' देणं आणि किल्ली देणं यात केवढा फरक आहे, तो इथेच बघावा.

सुरुवात करणाऱ्यांसाठी माझा क्रम असा. पहिले सहा महिने पैशाचा विषय काढायचा नाही, दोन्हीकडून. त्या काळात प्रत्येक मंडळीने आपल्या भाषेत एक पान लिहायचं: आमच्याकडे देण्याजोगं काय आहे, आम्हाला काय हवं आहे, आणि कोणत्या विषयावर आम्ही सध्या बोलणार नाही. तिसरा भाग लोक गाळतात आणि पुढे नेमके तिथेच अडखळतात. मग करार, तीन वर्षांचा, मुदत संपली की आपोआप संपणारा. चालू ठेवायचा तर दोघांनी नव्याने सही करायची. दोन्हीकडे पाच ते सात जणांची समिती हवी. एकट्या पाळकाच्या खांद्यावर टाकलेलं नातं त्याच्या बदलीबरोबर गाशा गुंडाळतं.

आणि एक: पहिली भेट कमी पैशाच्या मंडळीने जास्त पैशाच्या मंडळीला द्यावी. उलटं झालं की पाहुण्यांना पहिल्याच दिवशी गळकं छप्पर दिसतं आणि नातं तिथेच देणगीदाराचं होतं.

मोहरी

शेवटच्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन. यजमानपण ही सत्ता आहे, ती आलटून पालटून हवी.

मी भाषेवर लिहिते, कारण बैठका तिथेच हातातून निसटतात.

एक वाक्य बोलायचं, थांबायचं, दुभाष्याने सांगायचं, या पद्धतीत वेळ सरळ दुप्पट लागतो. तरीही कार्यक्रमपत्रिका तेवढीच ठेवतात आणि शेवटचे विषय घाईत उरकतात. सहा विषय असतील तर तीन करा. बोलणं चालू असतानाच कानात भाषांतर हवं असेल तर प्रत्येक भाषेला दोन दुभाषे लागतात, दर वीस ते तीस मिनिटांनी आलटून. 'आमची एक बहीण दोन्ही भाषा छान बोलते' म्हणून तिला सहा तास जुंपणं हा अन्याय आहेच, शिवाय दुसऱ्या तासापासून चुका सुरू होतात त्या कुणाच्या लक्षातही येत नाहीत. आणि दुभाषी जर समितीची सदस्य असेल तर तिचं स्वतःचं मत बुडालंच. दुभाषी वेगळी, सदस्य वेगळी.

भाषणाचा कागद दोन-तीन दिवस आधी दुभाष्याला द्या. कागदावरून वाचताना माणूस नकळत धावतो. मिनिटाला शंभर-एकशेवीस शब्दांच्या पुढे गेलात तर कानात पोचतो तो गोषवारा. वचन उद्धृत करायचं तर अध्याय-ओवी आधी कळवा, म्हणजे दुभाषी आपल्या भाषेतलं छापील शास्त्र उघडून वाचेल, तिथल्या तिथे रचणार नाही.

त्यातही एक खड्डा आहे: स्तोत्रांचे क्रमांक. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे आपल्याकडे २३वं स्तोत्र. रशियन सिनोदल भाषांतरात तेच २२वं, कारण ते जुन्या ग्रीक भाषांतराचा क्रम पाळतं, आणि तिथले बाप्टिस्टही तेच शास्त्र वापरतात. शिवाय काही भाषांतरांत स्तोत्राचा मथळा पहिली ओवी म्हणून मोजतात, त्यामुळे ओव्याही एकाने सरकतात. एकत्र वाचनाच्या पत्रिकेवर क्रमांकासोबत पहिली ओळ छापली की अर्धी उपासना पानं उलटण्यात जात नाही.

सगळ्यात परिणामकारक उपाय मात्र अगदी साधा आहे. बैठकीत पहिली तीन भाषणं लहान भाषेतून ठेवा. मोठ्या भाषेच्या लोकांना सुरुवातीलाच कानाला यंत्र लावायला लागलं की दुपारपर्यंत त्यांचा बोलण्याचा वेग आपोआप उतरतो.

तिठा

वेगळा सूर लावतो, रागावू नका.

इतका खटाटोप कशासाठी? माणसं आपल्या भाषेत, आपल्या लोकांत मोकळी होतात. मिशन-अभ्यासक डॉनल्ड मॅकगॅव्हरन यांनी तर विसाव्या शतकात तत्त्व म्हणूनच मांडलं की वंशाच्या, भाषेच्या, वर्गाच्या भिंती न ओलांडता ख्रिस्ती होणं लोकांना सोपं जातं. वाढणाऱ्या मंडळ्या बहुधा अशाच एकजिनसी असतात. प्रत्येकाने आपापल्या घरात उपासना करावी, वर्षातून एकदा एकत्र यावं. हे प्रामाणिक नाही का? ओढूनताणून मिसळलेल्या मंडळीत शेवटी एकाच गटाची रीत चालते आणि बाकीचे हसतमुखाने गप्प बसतात.

उंबरठा

तिठा, तुमचं शेवटचं वाक्य खरं आहे आणि ते बाजूला सारू नये. पण 'आपापल्या घरात' या सोयीची एक पूर्ण वाटचाल इतिहासात नोंदलेली आहे.

दक्षिण आफ्रिकेतली डच रिफॉर्म्ड मंडळी, १८५७ची सिनड, म्हणजे निर्णय घेणारी सभा. प्रश्न असा होता की मूळ रहिवासी आणि मिश्र वंशाच्या विश्वासणाऱ्यांनी गोऱ्यांच्या सोबतच प्रभुभोजन घ्यावं का. सिनडने मान्य केलं की एकत्र घेणं हेच शास्त्राला धरून आणि इष्ट आहे. पण काहींच्या 'दुर्बलतेमुळे' जिथे अडचण होत असेल तिथे त्यांच्यासाठी वेगळी उपासना चालेल, अशी मुभा दिली. तत्त्व जागेवर राहिलं, एक सवलत तेवढी दिली. १८८१ मध्ये त्या सवलतीतून एक स्वतंत्र मंडळी उभी राहिली. विसाव्या शतकात वंशभेदाच्या राजवटीला याच रचनेतून धार्मिक आधार मिळाला. १९८२ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघाने ओटावात त्या समर्थनाला पाखंड ठरवलं, आणि वेगळ्या काढलेल्या त्या मंडळीनेच त्याच वर्षी बेलहारचा विश्वास-अंगीकार मांडला, १९८६ मध्ये स्वीकारला.

'दुर्बलता' कुणाची होती ते बघा. अडचण गोऱ्यांना होती, आणि बाहेर पडावं लागलं दुसऱ्यांना.

म्हणून वेगळ्या भाषेच्या उपासनेला माझा विरोध नाही. मातृभाषेत प्रार्थना हा हक्क आहे. मात्र ती सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. वेगळेपण कोणी मागितलं, लहान गटाने की मोठ्या? प्रभुभोजनाचं मेज एक आहे का? आणि अंदाजपत्रक, वडीलमंडळ, इमारतीचं वेळापत्रक या तिन्हींत लहान गटाचं मत मोजलं जातं का? इमारतीचं वेळापत्रक क्षुल्लक वाटतं, पण रविवारी सकाळी दहाची वेळ कोणाची आणि दुपारी तीनची कोणाची, एवढ्यावरून मंडळीतला क्रम कळतो.

अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर अडवलं ते पंगतीवरून, हेही आठवावं (गलती २). पेत्राची शिकवण बदललेली नव्हती. तो फक्त जेवताना दुसरीकडे बसू लागला होता.

तिठा

१८५७ बद्दल माहीत नव्हतं. 'मागितलं कोणी' ही कसोटी पटली. हसतमुखाने गप्प बसणाऱ्यांचं काय करायचं ते मात्र कुणी सांगितलं नाही.

पाणकणीस

त्यावर ठरलेल्या पद्धती आहेत.

आधी 'हो' समजून घ्या. काही संस्कृतींत 'हो' म्हणजे 'मान्य', काहींत 'ऐकलं', आणि काहींत 'चारचौघांत तुम्हाला नाही म्हणून तुमचा अपमान करणार नाही'. वडीलधाऱ्यांच्या आधी तरुणाने बोलू नये असं मानणाऱ्या गटात 'कुणालाही काही बोलायचंय का?' हा प्रश्न फुकट जातो. मोकळी चर्चा ही सर्वांसाठी सारखीच मोकळी नसते. जिथे मध्येच तोंड घालणं हे उत्साहाचं लक्षण समजतात तिथल्या लोकांचीच ती असते.

एपिस्कोपल मंडळीचे पाळक एरिक लॉ यांनी यासाठी परस्पर-निमंत्रणाची पद्धत बसवली. आठ-दहा जणांचं वर्तुळ, एक प्रश्न. सुरुवात करणारा बोलतो आणि मग कुणा एकाला नाव घेऊन बोलावतो, शेजारचाच असला पाहिजे असं नाही. बोलावलेल्याला तीन वाटा: बोलणं, 'सध्या नको, नंतर' म्हणणं, किंवा सोडून देणं. तिन्हींत पुढच्याला बोलावण्याचा अधिकार मात्र त्याचाच. सगळ्यांना बोलावणं पोचेपर्यंत कुणी उलट उत्तर द्यायचं नाही. गंमत अशी की गप्प राहणाऱ्याच्या हातातही काही क्षण सत्ता येते.

बिघडतं कुठे? अध्यक्ष मध्येच 'छान मुद्दा' म्हणतो आणि पुन्हा सूत्रं घेतो. किंवा कुणी वाटा सोडला की 'अहो बोला ना' असा आग्रह होतो, आणि मग ती वाट फक्त नावाला उरते. दहाच्या वर माणसं असतील तर वर्तुळं दोन करा, नाहीतर शेवटच्याची पाळी येईपर्यंत लोक पेंगतात.

मोठ्या सभेसाठी रंगीत पत्रिका. ऑस्ट्रेलियातल्या युनायटिंग चर्चमध्ये एकमताची ही पद्धत १९९०च्या दशकात रुळली. जागतिक चर्च परिषदेने २००६च्या पोर्टो अलेग्रे महासभेत ती वापरली. कुणी बोललं की सभासद नारिंगी पत्रिका दाखवतात, म्हणजे ऊब वाटली. निळी म्हणजे गारवा. भाषण न करता, भाषा न येता, मत दिसतं. अध्यक्षाने निळ्यांना आधी बोलावायचं आणि विचारायचं: तुम्हाला पटत नसेल, पण तुमचं ऐकलं गेलं का, आणि बाकीच्यांनी पुढे जायला तुमची हरकत आहे का? निवडणुका, अंदाजपत्रक आणि घटनादुरुस्ती मात्र तिथेही मतदानानेच होतात. ते योग्यच आहे, पैशाच्या बाबतीत ऊब-गारवा पुरत नाही.

नवशिका

हा गारवा-ऊब प्रकार भारी आहे. लहान मंडळीत दहा जणांच्या समितीला पत्रिका वापरल्या तर पोरखेळ नाही वाटणार?

पाणकणीस

वाटेल. दहा जणांना वर्तुळ पुरतं. पत्रिका साधारण तीस-चाळिसाच्या पुढे.

सुतारपक्षी

पैशावर कुणी येईना म्हणून मी येतो.

पूर्वेतिहास थोडक्यात. १९१० मध्ये एडिनबरोच्या मिशन परिषदेत भारतीय पाळक व्ही. एस. अझारिया यांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांना सांगितलं की तुम्ही गरिबांना अन्न दिलंत, देह झिजवलात, आता आम्हाला मित्र द्या. १९७१ मध्ये पूर्व आफ्रिकेच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचे जॉन गाटू यांनी तर मिशनरी आणि पैसा दोन्ही काही काळ थांबवा अशी हाक दिली. १७९५ साली सुरू झालेल्या लंडन मिशनरी सोसायटीच्या परंपरेतून १९७७ मध्ये कौन्सिल फॉर वर्ल्ड मिशनची नवी रचना झाली. सदस्य मंडळ्या एका मेजाभोवती बसून माणसं आणि पैसा कुठे जाईल ते ठरवतील, देणारा-घेणारा अशी रांग नसेल. वुपर्टालच्या युनायटेड इव्हँजेलिकल मिशननेही १९९६ मध्ये आफ्रिका, आशिया आणि जर्मनीतल्या मंडळ्यांचा असाच बरोबरीचा संघ केला. मेनोनाइट जागतिक परिषद सदस्यसंख्या आणि त्या त्या देशाची ऐपत धरून वर्गणीतला प्रत्येकाचा 'रास्त वाटा' काढते. गरीब मंडळीचाही वाटा असतो, लहान का होईना. शून्य वाटा नसणं हा त्यातला खरा शहाणपणा.

आता दोन मंडळ्यांपुरतं.

पैशाला एकच दार. व्यक्तीच्या नावाने काही जाणार नाही, विनंती दोन्ही समित्यांतून जाईल. खासगी चिठ्ठ्या येणारच, भेटीनंतर दोन आठवड्यांत पहिली येते. तिचं उत्तर आधीच दोन्ही समित्यांनी मिळून लिहून ठेवा, म्हणजे नाही म्हणणारा एकटा पडत नाही आणि मागणाऱ्याचाही पाणउतारा होत नाही.

पाळकाच्या पगारात बाहेरून भर घालू नका. शेजारच्या मंडळीचा पाळक आणि हा यांच्यात दरी पडते, मंडळीची दान देण्याची सवय मोडते, आणि करार संपला की पगार निम्म्यावर येतो. द्यायचंच तर प्रांताच्या सामायिक वेतननिधीत द्या.

रक्कम कोणत्या चलनात कबूल केली ते लिहा. देणाऱ्याच्या चलनात कबूल केली तर दर पडल्याचा तोटा घेणाऱ्याला बसतो. मधल्या बँका आपलं शुल्क कापून घेतात, मग पोचलेला आकडा पाठवलेल्याशी जुळत नाही आणि विनाकारण संशय सुरू होतो. शुल्क कोण भरणार ते कराराच्या ओळीत असू द्या. बऱ्याच देशांत परदेशी देणगी घ्यायला सरकारी नोंदणी लागते. ती नसताना 'पाहुण्यांच्या हाती रोख पाठवू' हा तोडगा म्हणजे यजमान मंडळीच्या गळ्यात फास.

आणि हिशेब दोन्हीकडून. घेणारी मंडळी पै-पैचा अहवाल देते आणि देणारी आपलं अंदाजपत्रक झाकून ठेवते, हे माझ्या लेखी सगळ्यात मोठं असभ्यपण आहे. एकच नमुना, दोघींनी भरायचा.

मोहरी

अहवालासोबत मुलांचे फोटो मागतात, तेही लिहायला हवं होतं. पालकांची लेखी संमती, मुलाचं नाव-गाव फोटोसोबत नाही, आणि भिंतीवर लावायचा तर तिकडच्या मंडळीचाही फोटो इकडे तेवढ्याच आकाराचा.

उंबरठा

प्रवासाचं कलम लोक विसरतात. व्हिसा नाकारला जाणं ही अपवादात्मक घटना नाही, ती रचनेचाच भाग आहे. युनायटेड मेथडिस्ट मंडळीची २०२०ची महासभा आधी महामारीने, मग व्हिसाच्या अडचणींनीही लांबत २०२४ मध्ये शार्लटला झाली. त्याच सभेत प्रत्येक भूप्रदेशाला स्वतःचे काही नियम ठरवू देणारी रचना मंजूर झाली. त्याआधी अमेरिकेबाहेरच्या प्रांतांना अमेरिकेतल्या वादांवरही मत द्यावं लागे.

निमंत्रणपत्र किमान चार-पाच महिने आधी. त्यात पासपोर्टवरचं नाव अक्षरशः तसंच, तारखा, राहण्याची जागा, खर्च कोण करणार, परतीचं तिकीट. मंडळीत प्रचलित नाव आणि पासपोर्टवरचं नाव वेगळं असतं, तिथे अर्ज फेटाळले जातात. प्रत्येक प्रतिनिधीला एक पर्यायी प्रतिनिधी, अर्ज दोघांचेही एकाच वेळी. आणि दोनदा नकार आला तर बैठक तिसऱ्या देशात हलवायची, 'त्यांना पडद्यावरून जोडून घेऊ' नाही. पडद्यावरचा माणूस चहाच्या सुट्टीत नसतो, आणि निम्मे निर्णय तिथे होतात.

पडद्यावरच्या बैठकीची वेळ आलटून पालटून गैरसोयीची असू द्या. एकाच मंडळीने कायम रात्री अकराला जागायचं, हे चालत नाही. घड्याळ पुढे-मागे करणाऱ्या देशांशी जोडणी असेल तर वर्षातून दोनदा तास चुकतो. वेळ ठरवताना एकच प्रमाणवेळ लिहा.

कंदील

उपासनेचं राहिलं, ते पटकन. लुथरन जागतिक संघाच्या १९९६च्या नैरोबी निवेदनात चार कसोट्या आहेत: उपासनेत संस्कृतीपलीकडचं काय, स्थानिक काय, संस्कृतीला विरोध करणारं काय, आणि दुसऱ्या संस्कृतीकडून घेतलेलं काय. संयुक्त उपासनेची पत्रिका हातात घेऊन प्रत्येक भागासमोर या चारांपैकी एक शब्द लिहून पाहा. चौथा शब्द बहुतेकदा फक्त एका गाण्यासमोर येतो, तेही शेवटच्या, टाळ्यांच्या गाण्यासमोर. पाहुण्यांना गायला लावण्यापेक्षा त्यांना प्रवचन आणि आशीर्वाद द्यायला सांगा.

प्रभूची प्रार्थना प्रत्येकाने आपल्या भाषेत, एकाच वेळी. तालीम लागत नाही.

तिठा

आणि खरोखरचा मतभेद? विवाह, स्त्रियांना पाळक म्हणून दीक्षा, असे विषय? तिथे वर्तुळं आणि पत्रिका काय करणार?

पाणकणीस

सोडवणार नाहीत. अँग्लिकनांनी २००८च्या लँबेथ परिषदेत (त्यांच्या जगभरच्या बिशपांची सभा) ठराव आणि मतदान बाजूला ठेवून झुलू परंपरेतला 'इंदाबा', म्हणजे एकत्र बसून ऐकण्या-बोलण्याची बैठक, घेतला. आठ-आठ बिशपांचे शास्त्राभ्यास गट, असे पाच मिळून चाळिसांचा संवादगट. बोलणं खोल झालं असं काही म्हणाले, निर्णय टाळला असं काही म्हणाले, आणि बरेच बिशप आलेच नव्हते. दोन्ही म्हणणी मला बरोबर वाटतात. ऐकण्याची पद्धत निर्णयाच्या जागी बसवली की ज्यांना निर्णय हवा असतो ते फसवले गेल्यासारखे होतात. म्हणून बैठकीच्या सुरुवातीलाच जाहीर करा: आज ऐकायचं आहे की ठरवायचं आहे. दोन्ही एकाच दिवशी नको.

जोडमंडळीच्या पातळीवर मतभेद करारात लिहिणं जमतं. 'अमुक विषयावर आमचं मत वेगळं आहे, परस्परांच्या व्यासपीठावरून त्याचा प्रचार करणार नाही, पण विचारलं तर लपवणारही नाही.' मी वाचलेल्या करारांत हे कलम क्वचित दिसतं.

नवशिका

शेवटची शंका. नातं बरोबरीचं चाललंय की नाही हे वर्षाअखेरीला मोजायचं कसं? 'आनंद वाटला' असे अभिप्राय सगळेच देतात.

सुतारपक्षी

अभिप्राय नकोत, इतिवृत्तं काढा. वर्षभराच्या बैठकांची, दोन्ही भाषांतली. (दोन्ही भाषांत नसतील तर उत्तर तिथेच मिळालं.) चार गोष्टी मोजा: कार्यक्रमपत्रिकेवरचे विषय कोणत्या बाजूने सुचवले, कोण किती वेळा बोललं, कोणाच्या सूचनेने एखादा ठराव बदलला, आणि कोणी एकदा तरी 'नाही' म्हटलं. चौथ्या रकान्यात एकाच बाजूची नावं असतील तर पुढची बैठक दुसऱ्या बाजूच्या अध्यक्षतेखाली, त्यांच्या भाषेत, त्यांच्या पत्रिकेवर घ्या.

मोहरी

लेखनिकही दोन हवेत, दोन्हीकडचा एकेक. मसुदा सात दिवस हरकतींसाठी खुला, आणि 'सर्वानुमते' हा शब्द दोघांनी होकार दिल्याशिवाय लिहायचा नाही.